एसएआरचा आकडा, मोबाइल आणि टॉवर: नेमकं काय मोजतात, काय सुटून जातं

मोबाइलच्या बातम्यांत ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द सर्रास छापला जातो आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. किरणोत्सर्ग होतो तो युरेनियम, रेडियमसारख्या मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रातून. मोबाइल, वायफाय, ब्लूटूथ यांतून निघतात त्या रेडिओ लहरी. दोन्हींतला फरक ऊर्जेचा आहे, आणि तो प्रचंड आहे. २ गिगाहर्ट्झच्या लहरीतल्या एका फोटॉनची, म्हणजे लहरीतल्या ऊर्जेच्या सर्वात लहान पुडक्याची, ऊर्जा साधारण ८ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट (इलेक्ट्रॉनव्होल्टचे आठ दशलक्षांश) भरते. रेणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावायचा तर १० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास लागतात, म्हणजे दहा लाख पटींहून जास्त. ५जीच्या २८ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला फोटॉनसुद्धा त्या उंबरठ्यापासून ऐंशी हजार पटींहून जास्त दूर असतो. त्यामुळे एक्स-रे जसा डीएनए थेट तोडू शकतो, तसं या लहरींना जमत नाही.

एवढं ऐकून ‘मग काळजीचं कारणच नाही’ म्हणणंही बरोबर नाही. या लहरींचा एक परिणाम पूर्णपणे सिद्ध झालेला आहे, तो म्हणजे उष्णता. ऊतींमधलं पाणी आणि क्षार लहरींची ऊर्जा शोषतात आणि तापतात. जगभरातले बहुतेक सुरक्षा नियम याच एका परिणामावर उभे आहेत. म्हणून नियम समजून घ्यायचे तर सुरुवात उष्णतेच्या हिशेबापासून करावी लागते.

एक किलो ऊतीत दर सेकंदाला किती ऊर्जा शोषली जाते, याचं माप म्हणजे एसएआर. एकक वॅट प्रति किलो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की संपूर्ण शरीराला सरासरी ४ वॅट प्रति किलो मिळू लागले की शरीराचं तापमान साधारण १ अंश सेल्सिअसने चढतं आणि प्राणी शिकवलेलं काम सोडून देतात. हा आकडा आधाराला घेतला. त्याला १०ने भागून प्रशिक्षित कामगारांसाठी ०.४ आणि ५०ने भागून सामान्य लोकांसाठी ०.०८ वॅट प्रति किलो अशी संपूर्ण शरीराची मर्यादा ठरली. तुलनेसाठी सांगायचं तर स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर स्वतःच किलोमागे १ वॅटच्या आसपास उष्णता तयार करत असतं.

फोन मात्र सगळ्या शरीराला सारखा तापवत नाही, तो कानापाशी एका लहान भागाला तापवतो. त्यासाठी वेगळी स्थानिक मर्यादा आहे, आणि इथे दोन पद्धती आहेत. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाची, युरोपने स्वीकारलेली मर्यादा डोकं आणि धडासाठी २ वॅट प्रति किलो आहे. सरासरी काढायची १० ग्रॅम ऊतीवर. हातापायांना ४ चालतात. अमेरिकेतल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाची मर्यादा १.६ आहे, पण सरासरी फक्त १ ग्रॅमवर. भारतानेही १ सप्टेंबर २०१२ पासून १.६ आणि १ ग्रॅम हीच पद्धत घेतली. ‘१.६ आणि २ मध्ये असा कितीसा फरक’ असं वाटेल, पण खरा फरक ग्रॅममध्ये आहे. सर्वात तापलेला ठिपका लहान असतो. १० ग्रॅमच्या घनात तो आजूबाजूच्या थंड भागात मिसळून जातो, १ ग्रॅममध्ये तसाच उठून दिसतो. म्हणून एकाच फोनचा अमेरिकी आकडा सहसा युरोपीय आकड्यापेक्षा मोठा येतो. एका देशाच्या खोक्यावरचा आकडा दुसऱ्या देशाच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

आता हा आकडा येतो कसा. प्रयोगशाळेत माणसाच्या डोक्याच्या आकाराचं एक प्लास्टिकचं कवच असतं, त्याला ‘सॅम’ म्हणतात. त्याचा आकार अमेरिकी सैन्यातल्या पुरुषांच्या मोजमापांवरून घेतलाय, तोही मोठ्या डोक्यांकडचा. कवचात मेंदूसारखे विद्युत गुणधर्म असलेला द्रव भरतात, किमान १५ सेंटीमीटर खोल. कमी वारंवारतेसाठी पाणी, साखर, मीठ आणि घट्ट करणारं द्रव्य अशा मिश्रणाची जुनी कृती आहे. फोन कवचाला बाहेरून लावतात: गालाला टेकवून, मग १५ अंश तिरका करून, डाव्या बाजूला आणि उजव्या बाजूला. त्याला कमाल शक्तीवर प्रक्षेपण करायला लावतात आणि यंत्रमानवाचा हात द्रवात बारीक प्रोब फिरवत विद्युतक्षेत्र मोजतो. आधी सगळ्या भागावरून ढोबळ फेरी, मग जिथे उच्चांक दिसला तिथे बारीक घनाकार फेरी. हे फोनच्या प्रत्येक वारंवारता-पट्ट्यावर करायचं, आणि येईल तो सर्वात मोठा आकडा जाहीर करायचा.

चुकीच्या जागा इथेच असतात. द्रवातलं पाणी उडालं की त्याची वाहकता बदलते आणि आकडा सरकतो, म्हणून मोजणीआधी द्रवाचे गुणधर्म तपासावे लागतात. फोनची बॅटरी उतरली की शक्ती घसरते, म्हणून मोजणीच्या सुरुवातीला आणि शेवटी एकाच बिंदूवर पुन्हा मोजून घसरण पाहतात. सॅमला कानाची पाळी नाही. त्या जागी कवचासकट ६ मिलिमीटरचं, लहरी न शोषणारं अंतर आहे. मुलांची कवटी पातळ असते आणि फोन मेंदूच्या जास्त जवळ येतो. एकूण उच्चांकाच्या बाबतीत सॅम कडक मोजमाप देतो असं मानलं जातं, पण मुलांच्या मेंदूच्या काही भागांत आणि कवटीच्या मज्जेत स्थानिक शोषण मोठ्यांपेक्षा जास्त असू शकतं, हे आकडेमोडीतून दिसलेलं आहे.

सर्वात मोठी फट मात्र अंतराची आहे. डोक्याची चाचणी गालाला टेकवून होते, पण ‘अंगावर बाळगलेला फोन’ या चाचणीत फोन आणि कवच यांच्यात अंतर ठेवायची मुभा असते. अमेरिकी चाचण्यांत हे अंतर अनेकदा ५ ते १५ मिलिमीटर असतं. युरोपमध्ये २०१६ पासून धडासाठी ते ५ मिलिमीटरच्या आत आणलं गेलं, हातापायांसाठी शून्य. घट्ट पँटच्या खिशातला फोन मांडीपासून १ मिलिमीटरवर असतो. इतक्या जवळच्या टप्प्यात प्रत्येक मिलिमीटरने आकडा झपाट्याने बदलतो. फोनच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ‘शरीरापासून इतके मिलिमीटर दूर ठेवा’ असं लिहिलेलं असतं ते यासाठीच. चाचणी सरळ शून्य मिलिमीटरवर झाली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. लोक फोन जसा वापरतात तसा तो तपासला पाहिजे.

२०२३च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समध्ये जे घडलं ते या संदर्भात फार बोलकं आहे. रेडिओ लहरींवर देखरेख करणाऱ्या तिथल्या एएनएफआर या सरकारी संस्थेने बाजारातून उचललेल्या आयफोन १२ची चाचणी केली. हातात धरलेल्या फोनच्या चाचणीत आकडा ५.७४ आला, मर्यादा ४ होती. विक्री थांबवली गेली. अ‍ॅपलने हे नियामकाच्या चाचणीपद्धतीमुळे घडल्याचं म्हटलं आणि फ्रान्सपुरतं सॉफ्टवेअर बदलून दिलं, मग विक्री पुन्हा सुरू झाली. कारण असं, की फोन टेबलासारख्या स्थिर पृष्ठभागावर पडून आहे असं त्याला जाणवलं की तो शरीरापासून दूर आहे असं धरून थोडी जास्त शक्ती वापरत असे. चाचणीच्या बाकावर तो स्थिरच असतो. आजच्या फोनमध्ये असे सेन्सर आणि काळाची सरासरी सांभाळणारे अल्गोरिदम मर्यादा पाळण्याच्या कामाचे भागच झालेत. म्हणजे सुरक्षा आता अँटेनाइतकीच सॉफ्टवेअरवरही अवलंबून आहे, आणि बाजारातून फोन उचलून अचानक तपासणी करणं किती गरजेचं आहे तेही यातून कळतं.

आपल्या फोनचा आकडा पाहायचा तर बऱ्याच हँडसेटवर *#०७# डायल करावं. पण ०.६ वाला फोन १.२ वाल्याच्या निम्मा धोक्याचा, असा हिशेब चुकतो. तो आकडा कमाल शक्तीचा, सर्वात वाईट स्थितीचा आहे. रोजच्या वापरात फोन कमाल शक्तीला क्वचितच पोहोचतो. ०.६चा फोन खराब सिग्नलमध्ये अर्धा तास कानाला लावणं हे १.२चा फोन चांगल्या सिग्नलमध्ये वापरण्यापेक्षा कितीतरी जास्त भरतं.

फोन किती जोर लावतो हे टॉवर ठरवतो. टॉवरला फोनचा सिग्नल नीट पोहोचला की तो फोनला शक्ती कमी करायला सांगतो. ३जीमध्ये तर ही सूचना सेकंदाला १५०० वेळा जाते. २जी फोनची कमाल शक्ती ९०० मेगाहर्ट्झवर २ वॅट असते, पण तो आठांपैकी एकाच वेळखिडकीत बोलतो, म्हणून सरासरी ०.२५ वॅट. ४जी फोनची कमाल ०.२ वॅटच्या आसपास. कमाल आकडे जवळजवळ सारखे वाटतात, पण २जी कॉल सुरू होतो पूर्ण शक्तीने आणि मग पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, तर ३जी-४जीवर बोलताना सरासरी शक्ती बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी खाली राहते. म्हणून सेटिंग्जमध्ये व्हीओएलटीई (४जीवरूनच कॉल करण्याची सोय) चालू आहे ना हे पाहून घ्या. ते बंद असेल तर फोन कॉलसाठी जुन्या नेटवर्कवर उतरू शकतो.

सिग्नलचा खरा आकडा दांड्यांवरून कळत नाही. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात सिम स्टेटस उघडलं की सिग्नल स्ट्रेंथ डीबीएम या एककात दिसते; यात दर १० अंकांना शक्ती दहापट बदलते. ४जीसाठी उणे ८० ते उणे ९० चांगली, उणे ११०च्या खाली वाईट. या दोन टोकांत ३० डीबीचा फरक, म्हणजे हजार पट. ही तूट भरून काढायला फोन आपली शक्ती वाढवत नेतो, कमाल मर्यादेला टेकेपर्यंत. लिफ्ट, तळघर, जाड काँक्रीटची आतली खोली, वेगातली गाडी अशा ठिकाणी लांबलचक कॉल टाळा, किंवा खिडकीशी येऊन बोला. त्या कॉलमध्ये फोन गरम होतो आणि बॅटरीही झरझर उतरते. ती उष्णता मुख्यतः फोनच्या आतल्या सर्किटची असते, लहरींनी कान तापल्याची नव्हे. पण फोन जोर लावतोय याची ती खूण आहे.

स्पीकर किंवा वायरचे इयरफोन वापरून फोन डोक्यापासून २०-३० सेंटीमीटरवर नेला की डोक्याचं शोषण अगदी थोडं उरतं. बाकी सगळ्या उपायांची बेरीज केली तरी एवढं साधत नाही. ब्लूटूथ इयरबडही चालतील, त्यांची शक्ती साधारण १ ते काही मिलिवॅट असते. इयरफोन कानात आणि फोन छातीच्या खिशात, असं मात्र करू नका. तेवढीच ऊर्जा मग छातीकडे जाते. धातूचं कव्हर किंवा फोनच्या पाठीला चिकटवलेली धातूची पट्टी अँटेना झाकते आणि फोनला जोर वाढवायला लावते. फोन शक्ती वापरतो ती पाठवताना. त्यामुळे व्हिडिओ पाहण्यापेक्षा मोठी फाइल अपलोड करताना प्रक्षेपण जास्त होतं. अपलोड सुरू असेल तेव्हा फोन खिशात ठेवू नका, टेबलावर ठेवा. मुलाच्या हाती द्यायचा तर व्हिडिओ आधी उतरवून घ्या आणि एअरप्लेन मोड लावा. मग वायफाय आणि ब्लूटूथही बंद आहेत ना ते पाहा. काही फोन ती चालूच ठेवतात.

वायफाय राउटरची भीती मात्र हिशेबात टिकत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर ०.१ वॅट धरले तर २ मीटरवर शक्तीची घनता ०.००२ वॅट प्रति चौरस मीटर येते. आंतरराष्ट्रीय मर्यादा १० आहे, म्हणजे पाच हजारावा भाग. राउटर घराच्या कोपऱ्यात लपवला तर आतल्या खोलीत सिग्नल मार खातो आणि फोन जास्त वेळ प्रक्षेपण करत बसतो.

आजारांच्या पुराव्याकडे येऊ. २०११मध्ये आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना ‘२बी’ गटात टाकलं, ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’. हा गट पुराव्याचं वजन सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. निर्णयामागच्या पुराव्यांत मोबाइल आणि मेंदूच्या गाठींवरचा, १३ देशांतला इंटरफोन अभ्यास होता. त्यात एकूण धोका वाढलेला दिसला नाही, पण आयुष्यभरात १६४० तासांहून जास्त बोललेल्या सर्वात वरच्या दहा टक्क्यांत ग्लायोमाचं (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीचं) प्रमाण ४० टक्के जास्त निघालं. अडचण अशी, की त्यातल्या काहींनी सांगितलेले रोजचे तास अविश्वसनीय होते, आणि आजारी माणूस आपला वापर वेगळ्या तऱ्हेने आठवतो. पुढे आजाराच्या आधीच वापर विचारून त्याला नेटवर्क कंपन्यांच्या नोंदींची जोड देणाऱ्या कॉसमॉस अभ्यासात अडीच लाखांहून जास्त लोक होते. २०२४च्या निकालात मेंदूच्या गाठींशी संबंध दिसला नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या माणसांवरच्या अभ्यासांच्या आढाव्याचा निष्कर्षही तोच आहे.

प्राण्यांचं चित्र इतकं स्वच्छ नाही, ते झाकून ठेवू नये. अमेरिकेच्या एनटीपी या सरकारी विषविज्ञान कार्यक्रमात उंदरांना दोन वर्षं, रोज सुमारे ९ तास, संपूर्ण शरीराला १.५ ते ६ वॅट प्रति किलो देण्यात आले. २०१८च्या अहवालात नर उंदरांच्या हृदयातल्या श्वानोमा (मज्जातंतूंच्या आवरणातल्या) गाठींसाठी ‘स्पष्ट पुरावा’ असं लिहिलं गेलं. ६ हा आकडा लोकांसाठीच्या मर्यादेच्या ७५ पट आहे, आणि लहरी न मिळालेले नर लहरी मिळालेल्यांपेक्षा आधी मेले, हेही त्याच अहवालात आहे. तरी ‘उष्णतेखेरीज काहीच नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हा अहवाल वाचावा. अमेरिकेत एफसीसीने १९९६च्या मर्यादा २०१९मध्ये तशाच ठेवल्या, तेव्हा ऑगस्ट २०२१मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं. लहरी घातक आहेत असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. कर्करोगाव्यतिरिक्तच्या परिणामांबद्दल, मुलांबद्दल आणि दीर्घकालीन संपर्काबद्दल आलेल्या पुराव्यांना एफसीसीने नीट कारणं देऊन उत्तर दिलं नाही, हा त्याचा आक्षेप होता. मला तो रास्त वाटतो. मर्यादा बरोबर असेल, तर ती का बरोबर आहे हेही लोकांना कळलं पाहिजे.

या भीतीवर धंदाही चालतो. फोनच्या पाठीला लावायच्या ‘अँटी-रेडिएशन’ चिकट्या एकतर काहीच करत नाहीत, किंवा अँटेना अडवून फोनला जोर वाढवायला लावतात. गळ्यात घालायची ‘५जीरोधक’ लॉकेट त्याहून वाईट. डिसेंबर २०२१मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा दहा वस्तूंची यादी जाहीर केली. त्यांत खरोखरचे किरणोत्सर्गी पदार्थ सापडले होते. ज्या भीतीपोटी ती घेतली, तीच गोष्ट लोक छातीशी बाळगत होते. असं काही घरात असेल तर अंगावर घालू नका, बंद डब्यात ठेवा आणि स्थानिक यंत्रणेला विचारून विल्हेवाट लावा. पेसमेकर असलेल्यांसाठी नियम साधा आहे: फोन यंत्रापासून १५ सेंटीमीटर दूर, विरुद्ध बाजूच्या कानाला, आणि पाठीत चुंबक असलेला फोन छातीच्या खिशात कधीच नाही.

टॉवरबद्दल लोक सर्वात जास्त घाबरतात, पण बहुधा चुकीच्या जागी. पॅनेल अँटेना दिव्याच्या झोतासारखी समोर फेकते, किंचित खाली कललेली. ठीक खालच्या मजल्यावर झोत जवळजवळ पडत नाही. एका वाहिनीला ६० वॅट आणि अँटेनाचा झोत ५० पट धरला, तर झोताच्या दिशेत ३००० वॅटांचा परिणाम. त्याला ४ गुणिले π (३.१४) गुणिले अंतराचा वर्ग, एवढ्याने भागा: ५० मीटरवर ०.०९५ वॅट प्रति चौरस मीटर. आंतरराष्ट्रीय मर्यादा ९०० मेगाहर्ट्झला ४.५ आणि २ गिगाहर्ट्झच्या वर १०. भारताने २०१२मध्ये या मर्यादा एक दशांशावर आणल्या, म्हणजे ०.४५ आणि १. त्यातही हा आकडा बसतो. इटलीने बरीच वर्षं ६ व्होल्ट प्रति मीटर हा कडक आकडा ठेवला होता, २०२४मध्ये तो १५ केला. व्होल्ट प्रति मीटरमधला आकडा आला तर त्याचा वर्ग करून ३७७ने भागा, वॅट प्रति चौरस मीटर मिळतात. आणि १ वॅट प्रति चौरस मीटर म्हणजे १०० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटीमीटर. बरेच घरगुती मीटर हेच एकक दाखवतात, आणि एककाच्या घोळात १०० पटींची चूक सहज होते. स्वस्त मीटर एकाच अक्षात मोजतात, म्हणून ते फिरवून पाहावे लागतात, आणि खिशातला स्वतःचा फोन बंद नसेल तर मोजणी त्याचीच होते. मोजणीचा अहवाल मागितलात तर प्रत्येक पट्ट्याचा आकडा वेगळा दिलाय का, प्रत्येकाला त्याच्या मर्यादेने भागून बेरीज केलीय का, आणि ती १च्या आत आहे का, एवढं तपासा.

त्याच हिशेबात अंतर ५ मीटर घाला. उत्तर येतं जवळपास ९.५, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दुप्पट, आणि हे एकाच वाहिनीचं. गच्चीवर अँटेनासमोर उभा राहणारा माणूस हा या विषयातला खरा धोक्यातला माणूस आहे, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. रंगारी, टाकी साफ करणारे, सोलर पॅनेल बसवणारे यांना कामगारांची सैल मर्यादा लागू होत नाही. लहरींचं प्रशिक्षण नसल्याने ते सामान्य जनतेत मोडतात, पाचपट कडक मर्यादेत. सर्वात आधी तापतात डोळ्यांची भिंगं आणि वृषण, कारण तिथे उष्णता वाहून न्यायला रक्तप्रवाह कमी असतो. काम सुरू करण्याआधी अँटेना कुठे आहेत आणि त्यांचं तोंड कुठे आहे ते पाहा; काही भिंतीच्या रंगात रंगवलेल्या किंवा फायबरच्या आवरणामागे दडवलेल्या असतात. अँटेनाच्या मागून जा, समोरून नको. समोर काम करायचंच असेल तर साइटच्या पाटीवरच्या क्रमांकावर फोन करून ते सेक्टर (त्या दिशेच्या अँटेना) बंद करून घ्या, आणि बंद झाल्याची खात्री लेखी घ्या. एका खांबावर दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना असतील तर प्रत्येकीकडून वेगळी. वैयक्तिक आरएफ मॉनिटर (रेडिओ लहरी मोजून इशारा देणारं छोटं यंत्र) कपड्यांच्या बाहेर, छातीवर लावावा. अँटेनाकडे पाठ करून काम करताना शरीराच्या सावलीत तो कमी दाखवतो, म्हणून अधूनमधून वळून, तो अँटेनाच्या दिशेला धरून पाहावा लागतो.